काढ्यातल्या काळ्या चकत्या

फोन दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी आला. दुबईच्या देरा भागातली दुकानं दुपारच्या सुट्टीसाठी बंद होत होती. संजना पेडणेकर आपल्या फार्मसीचं शटर ओढायच्या बेतात होती.

"संजना, तू आधी वर ये," समोरच्या बिल्डिंगमधल्या सुलभा खानोलकर धापा टाकत म्हणाल्या. "यांचे ओठ बधिर झालेत. बोटं बधिर झालीत. काहीतरी भलतंच होतंय."

संजना तीन मजले धावत चढली.

आत्माराम खानोलकर सोफ्यावर आडवे होते. बासष्ट वर्षांचा धिप्पाड काँट्रॅक्टर, पण चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. तिनं नाडी धरली. दोन ठोके, मग पोकळी, मग एकदम चार.

"काय खाल्लं यांनी?"

"काही नाही गं. साडेबाराला तो चिनी काढा घेतला, बस."

"अँब्युलन्स?"

"बोलावलीय."

माणसं स्ट्रेचर घेऊन आली, तेव्हा संजना स्वयंपाकघरात होती. ओट्यावर काढ्याचं पातेलं होतं. तळाशी पिवळी मुळं, पानं आणि कसल्याशा साली यांचा शिजून लगदा झाला होता. त्यांच्या वर सात-आठ काळ्या, चकचकीत चकत्या पडल्या होत्या. तिनं चमच्यानं एक दाबून पाहिली. मधे अजून टणक होती.

ती कुणाला काही बोलली नाही. पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पोलीस येईपर्यंत तिथून हलली नाही.

संध्याकाळी हॉस्पिटलमधून कळलं. बचनागाच्या जातीच्या मुळाचं विष. अठ्ठेचाळीस तास काढले तर माणूस वाचेल. घरच्यांना फक्त 'विषबाधा' एवढंच सांगितलं गेलं. बचनागाचं नाव पोलिसांच्या लेफ्टनंट सईदनं एकट्या संजनाला सांगितलं, कारण पातेलं तिनंच त्याच्या ताब्यात दिलं होतं.

"चिनी डॉक्टरचा दवाखाना सील केलाय," तो हिंदीत म्हणाला. "पासपोर्ट आमच्याकडे आहे. शनिवारी केस पुढे पाठवतो. खलास."

१९९९ सालचा मे महिना होता. वार बुधवार.

डॉक्टर फांग यांचा दवाखाना संजनाच्या फार्मसीला लागूनच होता. एकाहत्तर वर्षांचा म्हातारा. अकरा वर्षं देऱ्यात काढली आणि बाजारात ऐकून ऐकून हिंदी शिकला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. जीभ पाहायची तर टॉर्च आणि भिंग घेऊन पेशंटच्या तोंडात डोकवावं लागे. संजना बी.फार्म. शिकलेली. आधी तिला हा माणूस भोंदू वाटायचा. पुढे चहा पिता पिता त्याचं शास्त्र कानावर पडत गेलं. विश्वास बसला नाही, पण त्यात एक शिस्त आहे, एवढं कळलं.

आता मात्र तिला शंका खात होती. म्हाताऱ्याला दिसत नाही. चुकून भलत्याच खणात हात गेला असेल तर?

दवाखान्यामागच्या खोलीत तो पलंगावर बसला होता. मांडीवर जाड वही होती.

"फांगसाहेब, खानोलकरांना तुम्ही काय दिलं होतं?"

"वो गरम आदमी," फांग म्हणाला. "जीभ लाल. ऊपर पीला. नाड़ी तेज भागता. आग ज्यादा, पानी कम. मैं ठंडा दवा दिया. आग को ठंडा, ठंडे को आग. ये पहला सबक है, बेटी. बच्चा भी जानता."

"आणि काळ्या चकत्या?"

म्हाताऱ्याचा हात वहीवर थांबला. "फू-त्झू? वो सबसे गरम दवा. उसको दूँगा? जलते घर में तेल?"

"चुकून?"

त्याला राग आला नाही. "आँख नहीं देखता. पर मेरा फू-त्झू नमक में पकता, चिपचिपा होता. ऊँगली जानता है. और वो कभी पुड़िया में मिलाकर नहीं देता. अलग कागज. अलग बोलता हूँ, पहले एक घंटा अकेला उबालो, फिर बाकी दवा. नहीं उबाला तो जहर. जिसको देता, उसी को बोलता."

संजनाला त्या टणक चकत्या आठवल्या. पुडीतच असत्या, तर बाकीच्यांबरोबर शिजल्या असत्या. त्या नंतर पडल्या होत्या, आणि उशिरा.

"गेल्या चार महिन्यांत हे औषध कुणाकुणाला दिलं?"

त्यानं भिंगातून वही वाचली. तीनच नावं निघाली. एक फिलिपिनो बाई, महिन्यापूर्वी मनिलाला गेलेली. एक पठाण वॉचमन, सध्या पेशावरला. आणि तिसरा एक इंडियन.

"नाव?"

"राजन बोला. झूठ बोला. आवाज दिया तो मुड़ता नहीं था." फांग किंचित हसला. "शुक्रवार को आता. शरम वाला बीमारी. मर्द का. दाहिना हाथ, तीसरा ऊँगली के नीचे, वहाँ जिंदगी का दरवाजा. उसका आग बुझा हुआ. ठंडा आदमी. हाथ ठंडा, घुटना ठंडा, जीभ फीका, किनारे पर दाँत का निशान."

"चेहरा?"

"चेहरा मेरे लिए धुआँ है, बेटी. पर हाथ दोबारा आया तो पहचानूँगा."

गुरुवारी सकाळी संजना खानोलकरांकडे गेली. सुलभाताई रात्रभर हॉस्पिटलमध्ये बसून नुकत्याच परतल्या होत्या. डोळे सुजले होते.

"काल घरात कोण कोण होतं, ताई?"

"भिवा स्वयंपाकघरात. सत्यजित त्याच्या खोलीत. मी पूजेत. अकराच्या सुमाराला माझा भाऊ धनंजय आला, सह्या घ्यायला. आणि कोण येणार?"

"काकांचं कुणाशी वाकडं?"

सुलभाताई हळूच म्हणाल्या, "अबुधाबीजवळ मुसफ्फाच्या साइटवर मागच्या वर्षी परांची कोसळली. दोन पोरं गेली. फोरमन खैरुद्दीन आत आहे. यांचं म्हणणं, तो निर्दोष आहे. शनिवारी अबुधाबीच्या कोर्टात जाऊन सांगणार होते."

"मग दोषी कोण?"

"ते नाही सांगितलं. म्हणाले, जज्जापुढेच बोलेन."

आधी भिवा आला. मे महिन्यात गळ्याला मफलर, आणि खोकला. अठरा वर्षं या घरात स्वयंपाक करत होता.

"काढा किती वाजता ठेवलास?"

"धा वाजता. फांगानं दिलेली पुडी टाकली, अर्धा तास उकळवला. मग मंद आचेवर ठेवून मासे आणूक गेलंय. बारांक इलंय. गाळून दिलंय. खाली काय होतां बघूक नाय."

"मुसफ्फात मेलेल्यांत तुझा कुणी होता?"

भाच्याच्या आठवणीनं त्याचे डोळे भरले. "माझ्या भयनीचो झील."

"साहेबांवर राग होता?"

"होतो," भिवा सरळ म्हणाला. "पण शनिवारी सायब खरां बोलणार होते. मी तेंका कित्याक मारू?"

सत्यजित शॉर्ट्सवर, हातात गार पेप्सी घेऊन आला. चोवीस वर्षांचा.

"Look, दीदी, डॅडचं पटत नव्हतं मला. केस परत ओपन झाली तर कंपनीचं लायसन्स जाईल. भांडलो मी. मंगळवारी खूप भांडलो. But poison? Come on."

"काल स्वयंपाकघरात गेला होतास?"

"फ्रीजपर्यंत. दोनदा."

संजनानं त्याच्याकडे रोखून पाहिलं. मुलगा घामानं डबडबला होता. खोटं बोलत होता की नुसतं उकडत होतं?

मग धनंजय आला. पंचेचाळिशीचा, कंपनीच्या साइट्स सांभाळणारा. रोज मुसफ्फा ते देरा गाडी हाणायचा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. बसण्याआधी त्यानं एसी बंद केला.

"आवाज फार करतो हा," तो म्हणाला. "भिवा, आल्याचा चहा आण रे आणखी. विचारा, मॅडम."

"काल किती वाजता आलात?"

"अकराला. भाऊजींनी सह्या केल्या, साडेअकराला निघालो."

"स्वयंपाकघरात?"

"पाणी प्यायला गेलो असेन. लक्षात नाही."

"फांगच्या दवाखान्यात कधी गेलात?"

"मी? त्या भोंदूकडे? उंबरा नाही ओलांडला कधी. ताईला किती वेळा सांगितलं, हे चिनी प्रकरण बंद करा." त्यानं कप दोन्ही हातांत घट्ट धरला. "साधी गोष्ट आहे. त्या काळ्या चकत्या तासभर आधी उकळायच्या असतात. म्हाताऱ्यानं सांगितलंच नाही, आणि भिवानं टाकल्या सगळ्या एकत्र. निष्काळजीपणा. दुसरं काय?"

"बरोबर आहे," संजना म्हणाली आणि उठली.

ती जिना धावतच उतरली. खाली आल्या आल्या तिनं लेफ्टनंट सईदला फोन लावला.

शुक्रवारी दुपारची नमाज झाल्यावर सगळे खानोलकरांच्या हॉलमध्ये जमले. आत्मारामांची शुद्ध परत येत होती, पण बोलायची ताकद नव्हती. सईद दाराशी उभा होता. खुर्चीसमोर टीपॉयवर नाडी बघायची छोटी उशी होती; फांग अजून बाहेर जिन्यात होता.

"हा काय तमाशा आहे?" धनंजयनं विचारलं.

"पाच मिनिटं लागतील, मामा," सत्यजित म्हणाला आणि आपणच आधी बसला.

मग फांगला आत आणून खुर्चीत बसवलं. आता कुणी नाव सांगायचं नव्हतं, बोलायचंही नव्हतं. फांगनं तीन बोटं सत्यजितच्या मनगटावर ठेवली. "तार जैसा खिंचा हुआ. गुस्सा. कलेजे में गरमी. नया हाथ है."

मग भिवा. "फेफड़ा कमजोर. दुख पुराना. ये भी नया."

धनंजय हलला नाही. सईदनं नुसती भुवई उचलली. धनंजयनं डावा हात पुढे केला.

"दाहिना," फांग म्हणाला.

बोटं बराच वेळ तशीच राहिली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खेद होता.

"राजन साब," तो म्हणाला. "पंद्रह शुक्रवार."

"खोटं! मी याला ओळखत नाही! सर, नाडी बघून माणूस ओळखतात का? कोर्टात चालेल हे?"

"नहीं चलेगा," सईद शांतपणे म्हणाला. "मॅडम, आप बोलिए."

संजना सुलभाताईंकडे पाहायचं टाळून बोलू लागली.

"काका गरम प्रकृतीचे. फांगसाहेबांच्या शास्त्रात उष्णतेला उष्ण औषध देणं हा पहिल्या धड्यातलाच गुन्हा. ज्यानं चकत्या टाकल्या, त्याला हे शास्त्र माहीत नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं की चिनी काढ्यात चिनी विष सापडलं की चिनी डॉक्टर अडकणार. चकत्या लगद्याच्या वर होत्या आणि मधे टणक. म्हणजे भिवाकाका बाजारात गेल्यावर, काढा मंद आचेवर असताना पडल्या. तेव्हा काका सोडले तर घरात तिघंच. ताई पूजेत, सत्यजित आणि धनंजय.

"चकत्या आल्या कुठून? ज्याला स्वतःला त्या दिल्या जात होत्या, त्याच्याकडून. असा एकच माणूस दुबईत उरला होता. थंड अंगाचा. सत्यजित शॉर्ट्सवर घामाघूम होता. धनंजय, तुम्ही मे महिन्यात एसी बंद करून आल्याचा चहा पीत होता."

"त्यानं काय सिद्ध होतं?"

"काहीच नाही. पण काल मी तुम्हाला फक्त विचारलं की दवाखान्यात कधी गेलात. चकत्यांचं नाव मी काढलं नव्हतं. पोलिसांनी काढलं नव्हतं. भिवाकाकांनी त्या पाहिल्याही नव्हत्या. तुम्हीच म्हणालात, 'त्या काळ्या चकत्या.' आणि तासभर आधी उकळायच्या, हेही तुम्हीच म्हणालात. ते फांगसाहेब फक्त चकत्या घेणाऱ्यालाच सांगतात."

सईदनं खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत फांगच्या दवाखान्याच्या लाल शिक्क्याचे, चकत्या बांधून दिलेले कागद होते, चुरगळलेले, रिकामे. "आज सुबह. मुसफ्फा साइट ऑफिस. आपके ड्रॉवर में. कई हफ्ते दवा खाया नहीं, जमा किया."

पिशवीत आणखी एक कागद होता. खैरुद्दीननं अपघाताच्या नऊ दिवस आधी लिहिलेला. परांचीच्या फळ्या कुजल्यात, माणसं चढवू नका. खाली धनंजयचा शेरा होता, काम थांबवायचं नाही. याचीच प्रत आत्मारामांच्या हाती लागली होती.

"भाऊजींना हात जोडले मी," धनंजय अखेर म्हणाला. "म्हटलं, मला पाठवून द्या गावी, काहीही करा. ते म्हणाले, खैरुद्दीनला पण घर आहे. मारायचं नव्हतं, ताई. आजारी पडले असते, शनिवार टळला असता..."

सुलभाताई उठल्या. भावासमोर जाऊन उभ्या राहिल्या. वाटलं, मारतील. त्यांनी हात उचलला नाही.

"दोन पोरं मेली तेव्हाही तू माझ्याकडे जेवायला आला होतास," त्या म्हणाल्या. "दोनदा भात घेतलास."

सईद धनंजयला घेऊन गेला.

अकरा दिवसांनी आत्मारामांनी व्हीलचेअरवरून साक्ष दिली. जुलैत खैरुद्दीन सुटला. फांगचं सील निघालं, पासपोर्ट मिळाला. पण वर्षाच्या आत तो दवाखाना बंद करून मायदेशी परतला. जाताना म्हणाला, ज्या काढ्यावर शहरानं एकदा संशय घेतला, तो कुणाला पचत नाही.

सुलभाताई नवऱ्याला न सांगता दर गुरुवारी तुरुंगात भावाला भेटायला जात. एकदा संजनानं त्यांना गाडीनं सोडलं. परतीच्या वाटेवर तिनं धीर करून विचारलं, "काय बोलता तुम्ही दोघं?"

"काही नाही गं," सुलभाताई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "तो रडतो. मी त्या मेलेल्या पोरांची नावं त्याच्याकडून म्हणवून घेते. मग वेळ संपते."