कांडेगडची दौड

कांडेगडाच्या पूर्व बुरुजावर झुंजूमुंजू होत होते, दरीतले धुके तटाच्या पायथ्याशी साचून राहिले होते, आणि महादरवाजापुढे संस्थानचा जासूद सटवाजी ढेबे अनवाणी पायांनी दौड सुटायच्या तोफेची वाट पाहत उभा होता. मोटारी आल्या तरी ढेब्यांच्या घरातली पळत खलिते पोचवण्याची जासुदाची चाकरी सुटली नव्हती. आणि विलायतेत मॅरेथॉनचे वेड पसरल्यापासून तर त्याच्या पायांना दरबारी मोल आले होते. आजची सव्वीस मैलांची दौड जिंकणारा सातासमुद्रापार जाणार होता. शिवाय श्रीमंत आबासाहेबांच्या दत्तकाची मंजुरी इंग्रज एजंटसाहेबांच्या हाती होती, आणि साहेब शर्यतींचे षौकीन होते.

कारभारी विसाजीपंत जवळ आले. "सटवाजी, वडसंगीकर कपटी आहेत. वाटेत काहीबाही कानी घालतील. पाय थांबता कामा नये."

"जी सरकार."

वडसंगी संस्थानचा हसन मुजावर फाट्यापर्यंत खांद्याला खांदा लावून धावला. तिथून एक वाट सटवाजीच्या वाडीकडे उतरत होती. हसन धापा टाकत म्हणाला, "सटवाजी, तुझी बायको बाळंतपणात अडलीय. तुझा मेव्हणा काल सांजेलाच आमच्या गावावरून गडाकडं गेला. तुला कुणी सांगितलं न्हाई?"

सटवाजीने वाटेकडे पाहिले. मग म्हणाला, "तुझा डाव कळतो मला," आणि ढांग लांबवली. पुढे त्याने वळून पाहिले तेव्हा रस्त्यावर हसन नव्हता. दमून बसला असेल, असे त्याला वाटले.

तिसऱ्या प्रहरी दरबार भरला. श्रीमंतांनी स्वहस्ते विजयी सटवाजीच्या खांद्यांवर शेला घातला, साहेबांनी टाळ्या पिटल्या. आणि तेवढ्यात देवडीत कालपासून अडकवून ठेवलेला मेव्हणा सुटून धडपडत आत आला. त्याचे तोंड पाहताच सटवाजीला सारे कळले.

"पंत, आपणांस ठाऊक होतं?"

पंत हळूच म्हणाले, "दौलतीचं काम होतं, सटवाजी."

सटवाजीने शेला उतरवून पंतांच्या पायांशी ठेवला, आणि मुजरा न करता, ज्या गादीला त्याच्या सात पिढ्यांनी पाठ दाखवली नव्हती तिला पाठ दाखवून तो भर दरबारातून चालता झाला. भालदारांनी श्रीमंतांकडे पाहिले. श्रीमंतांनी मान खाली घातली.

वाडीत चिता विझत आली होती. मूलही गेले होते. सुईण आणायला शर्यत सोडून हसन धावला होता, पण उशीर झाला. सटवाजी रडला नाही. हात धुऊन त्याने शेरडांना पाला टाकला.

दत्तक मंजूर झाले. विलायतेला जाण्याचा हुकूम आला तेव्हा नाही म्हणण्याइतकेही त्याच्यात काही उरले नव्हते. तो गेला, परक्या थंडीत धावला, कितवा आला हे विचारलेही नाही. परतल्यावर नोकरी सोडून तो वाडीत राहिला.

पुढे कितीतरी वर्षांनी एकदा, बाजाराहून परतताना, त्याने हसनला विचारले, "तिनं काही विचारलं होतं?"

"विचारलं. धनी कुठवर आले म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं, येतोय."

सटवाजीने मान हलवली. दोघे चढण चढू लागले.