एक वाजून पाच मिनिटांची प्रत

शिरूरहून न्हावऱ्याकडं जाताना डाव्या हाताला दुधाचा एक प्रकल्प लागतो. तिथल्या संगणकांचं काम दौंडच्या आसमीन शेखकडं येऊन तीनच महिने झाले होते. तिच्या आधी सोळा वर्षं आनंदराव ते बघायचे. माघात ते अचानक वारले. कशाची राखीव प्रत कुठं ठेवलीय, हे त्यांनी कुणालाच सांगून ठेवलं नव्हतं.

तीन मोठ्या यंत्रांच्या पोटात चाळीस आभासी सर्व्हर चालायचे. कुणी टँकरचा वजनकाटा सांभाळी, कुणी फॅटची नोंद, कुणी शीतगृहाचं तापमान. या सगळ्यांवर देखरेख करणाऱ्या सर्व्हरला आसमीन 'मुकादम' म्हणायची. मुकादम एखाद दिवस नसला तरी मजूर राबतात; पण एखादा मजूर पडला, तर त्याचं काम दुसऱ्याच्या हाती द्यायला कुणी राहत नाही. आणि त्या मुकादमाचीच एकही प्रत नव्हती.

म्हणून तिनं रविवार धरला. सकाळचं दूध येऊन गेलेलं, संध्याकाळचं पाचला. योजना तिनं कागदावर मांडली होती. रोज एक प्रत घ्यायची, ती इथं न ठेवता पाबळच्या संकलन केंद्रात पाठवायची, आणि महिन्यातून एकदा ती खरोखर उघडते का ते बघायचं. पाबळचा फोल्डर तिनं सकाळीच तयार केला होता. रिकामा. बाराला तिनं पहिली प्रत सुरू केली. काम सावकाश चाललं होतं.

"चल, दोन घास खाऊन घिऊ," प्रकल्पाचे जुने वायरमन इलाहीमामा दारातून म्हणाले. "घरनं मटन आलंय."

तिनं सर्व्हर रूमला कुलूप लावलं, किल्ली ओढणीच्या गाठीत बांधली. कडुनिंबाखाली दोघं निवांत जेवली. सावली गार होती, रस्सा झणझणीत होता. मध्येच पंपाचा आवाज क्षणभर बसला आणि पुन्हा उठला, एवढंच.

दीडला तिनं कुलूप काढलं. आतल्या गार हवेत वास होता. भाजलेल्या ओव्याचा.

पडद्यावर लाल अक्षरं होती. विजेच्या त्या एका झटक्यात तीनपैकी एक यंत्र बंद पडलं होतं, आणि त्याच्यासोबत मुकादमही. शीतगृह त्याच यंत्रावर. तिची प्रत एकतीस टक्क्यांवर अडकली होती, म्हणजे निरुपयोगी.

"शीतगृह चारवरनं सातवर गेलंय," मामा तापमानाच्या आकड्याकडं बघून म्हणाले. "साठ हजार लिटर हाय आत."

काही सुचेना म्हणून आसमीननं पाबळचा फोल्डर उघडला. तो रिकामा नव्हता.

एक फाइल. पूर्ण. आजची, दुपारी एक वाजून पाच मिनिटांची. आणि घेणाऱ्याचं नाव...

"मामा, आनंदरावांचं खातं मी पहिल्याच आठवड्यात बंद केलंय. माझ्या हातानं."

मामांनी हवेतला ओव्याचा वास ओढून घेतला.

"पोटाला बरं म्हणून सारखा ओवा चघळायचे," ते हळूच म्हणाले. "आयतवारी एकलेच हितं बसायचे..."

"उघडू?"

"मानूस वाईट न्हवता, पोरी. उघड."

तिनं 'बिस्मिल्लाह' म्हणून बटण दाबलं. चाळीस मिनिटं दोघंही पडद्यासमोर उभीच होती. मग दुसऱ्या यंत्रावर मुकादम उठला. तिनं पडलेल्या यंत्राचं काम उरलेल्या दोघांत वाटून दिलं. कॉम्प्रेसर घरघरला. सात, सहा, पाच... चार. पाचच्या ठोक्याला इनामगावचा टँकर फाटकाशी हॉर्न देत उभा राहिला, आणि काट्यानं त्याचं वजन बिनचूक घेतलं.

मामा चहा आणून देऊन निघून गेले. आसमीननं तो घुटक्याघुटक्यानं प्यायला. भीती होती, नाही असं नाही. पण तिच्यावर कितीतरी मोठं समाधान पसरलं होतं. आपल्याआधी या खुर्चीत बसलेल्या माणसाला आपली काळजी आहे, असं वाटून तिला भरून आलं. "मेहरबानी, आनंदराव," ती रिकाम्या खोलीत म्हणाली, आणि तिला त्याची लाजही वाटली नाही.

योजनेच्या कागदावर पहिल्या प्रतीची नोंद करायची राहिली होती. त्यासाठी तिनं फाइलसोबतचं टिपण उघडलं. आनंदरावांना टिपण लिहायची सवय असावी. भाषा सरकारी कागदासारखी, नेमकी.

'रविवार, १ वाजून ५ मिनिटे. प्रत पूर्ण. हजर : मी. आसमीन व इलाही जेवायला गेले आहेत. दाराशी एक जण केव्हाचा उभा आहे. त्याला आत येऊ दिलेले नाही.'

आसमीननं मान वर केली. खोलीला दार एकच होतं, आणि मामा जाताना ते उघडंच ठेवून गेले होते.