टेंटर रोचे पडदे

मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी टेंटर रो या गल्लीतल्या बारा घरांनी आपापल्या पुढच्या खोलीचे पडदे ओढून घेतले. गल्लीत कोणी मेलं नव्हतं.

मॅरियन एन्टविसलने घड्याळ पाहिलं. ती सवयच होती. जिल्ह्याच्या साप्ताहिकात एकतीस वर्षं बातमीदारी करून ती हॅरोपक्लफ या गिरणीच्या गावात, आईच्या नऊ नंबरच्या घरात परत आली होती. खिडकीची काच पुसताना तिला समोरचा दोन नंबरचा पडदा सरकलेला दिसला. मग चारचा, सहाचा, आठचा. घाई नव्हती. एक पुरा मिटला की पुढचा. ती दारात येऊन आपल्या रांगेकडे वळून पाहते तर तिथेही तेच. काळ्या दगडाची चौदा घरं, सात अलीकडे, सात पलीकडे. फक्त त्यांचं नऊ नंबर उघडं होतं, आणि शेजारचं अकरा, ज्याच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या होत्या.

मरण झालं की गल्लीने पडदे ओढायचे आणि माती होईपर्यंत उघडायचे नाहीत, ही इथली रीत. मॅरियनच्या वडिलांच्या वेळी पाच दिवस गल्ली डोळे मिटून बसली होती.

"कोण गेलं गं?" आतून आईने विचारलं. आयव्ही एन्टविसल, वय अठ्ठ्याऐंशी, खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. एका पायाला पट्टी, मांडीवर टोस्टची बशी.

"बघून येते."

समोरच्या दहा नंबरात हिल्डा गोर्टन राहायची. मॅरियनला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. आज तिने दार साखळीएवढंच उघडलं.

"हिल्डामावशी, कोण गेलं?"

"ये गं पोरी. फार वाईट झालं. पण सुटली बिचारी. वय झालं होतं."

"कोणाचं?"

"तुझ्या आईचं, आणखी कोणाचं?"

"आई घरात टोस्ट खातेय. जॅम कमी लावला म्हणून माझ्या नावाने ओरडतेय."

हिल्डाने सावकाश मान हलवली. शोकात असलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो, तशी. "होतं असं. आमचे हे गेले तेव्हा मीसुद्धा महिनाभर दोन कप मांडत होते." आणि दार लागलं.

मॅरियन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. ती लगेच हसली असती, पण आदल्या संध्याकाळी चॅपलच्या सभागृहात जे झालं होतं ते तिला आठवलं.

गावाचं इतिहास मंडळ 'टेंटर रोच्या आठवणी' असं पुस्तक काढत होतं आणि ते मॅरियनच्याच हातात होतं. शुक्रवारी ते छापखान्यात जायचं होतं. आधी गावाचा इतिहास, मग घरटी एक पान. अकरा नंबराबद्दल सगळ्यांनी एकच ओळ लिहून दिली होती, ओल असल्यामुळे तिथे कधी कोणी राहिलं नाही. सोमवारच्या बैठकीत टेपरेकॉर्डर चालू असताना आयव्हीने हातातला कप खाली ठेवला आणि म्हणाली, "वॉल्टर हॅल्सॉल राहायचा तिथे."

सभागृहात तीसएक माणसं होती. चमच्यांचे आवाज थांबले.

"बत्तीसच्या संपात चौथ्या आठवड्यात तो गिरणीत परत गेला," आयव्ही म्हणाली. "बायको, लिल, पोटुशी होती. घरात खायला नव्हतं. तो सकाळी पावणेसहाला निघाला की गल्ली पडदे ओढायची. संपफोड्या आम्हाला मेला, असं सांगायचं ते. आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी भर दुपारी, बाराला वीस कमी असताना, सगळ्यांनी एकदम पडदे ओढले. कोणी ठरवलं, कोणाला माहीत. आई मला म्हणाली, बघू नकोस. संध्याकाळी तो दारोदार फिरला. म्हणाला, फक्त माझं नाव घ्या, एकदा. मी फटीतून बघत होते. दिसत होता मला. मी आईकडे मान वळवली, परत पाहिलं, तर माणूस नव्हता. पण दारावर टकटक चालूच होती. तीन दिवस चालली. लिल तेवढी त्याला हाक मारायची. मग तीही म्हणायला लागली, माझं लग्नच झालेलं नाही."

"आयव्ही," मंडळाचा अध्यक्ष जॅक केन्यन म्हणाला, "चहा थंड होतोय." आणि त्याने टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं.

घरी परतताना कोणी त्यांच्याबरोबर चाललं नाही. मॅरियनने त्याच रात्री पान टाइप केलं. पुस्तकाचं सेहेचाळिसावं पान. सगळ्या पुस्तकात बातमी म्हणावी असं तेवढंच होतं.

मंगळवारी तीन वाजता जॅक केन्यन घरी आला. पंच्याहत्तरीचा, निवृत्त प्लंबर, दोन नंबरात राहणारा. टोपी हातात घेऊन तो उभाच राहिला. खिडकीकडच्या खुर्चीकडे त्याने पाहिलं नाही.

"ते पान काढून टाक, मॅरियन."

"का?"

"लोकांना दुखावतं."

"लोक तर सगळे मेले, जॅक. माझ्या आईसकट, तुमच्या म्हणण्याप्रमाणे."

"थट्टा करायची वेळ नाही ही."

"बस की रे मेल्या," आयव्ही म्हणाली. "उभा राहून माझ्या घरात पाणी ठिबकवतोयस."

जॅकची पापणीसुद्धा हलली नाही. तो मॅरियनकडेच बघत होता, डोळ्यांत खरोखरची कणव घेऊन.

"पान काढलं तर पडदे उघडतील?" मॅरियनने विचारलं.

"ते मला कसं माहीत असणार? मी फक्त माझा ओढतो."

तो गेल्यावर आयव्ही म्हणाली, "काढायचं नाही. तेव्हा मला त्याचं नाव ठाऊक होतं आणि मी तोंड उघडलं नव्हतं. तू जर काढलंस ना, तर मी तुला माफ करणार नाही."

"नाही काढणार, आई."

बुधवारी सकाळी दारात रोजच्या दोनऐवजी दुधाची एकच बाटली होती. मॅरियनने दूधवाल्याची चूक म्हणून सोडून दिलं. साडेदहाला पायाची पट्टी बदलायला नर्स यायची, ती आली नाही. दवाखान्यात फोन केला. पलीकडची मुलगी अगदी नम्र होती. एन्टविसल नावाचा एकच पेशंट आमच्याकडे आहे, म्हणाली, मॅरियन. जन्म एकोणीसशे पन्नास. दुसरं कोणी नाही. आधीही नव्हतं.

मॅरियनने मंडळाकडून टेप मागवून ऐकली. कपबश्या, खोकला, खुर्च्या सरकल्याचे आवाज. मग चार मिनिटं फक्त तीसएक माणसांचा श्वास. मग जॅकचा आवाज, "चहा थंड होतोय." त्याआधी त्याने कोणाचं नाव घेतलं होतं, ते टेपवर नव्हतं.

तिने नवी वही काढली. दर तासाला वेळ लिहून नोंद करायला लागली. ९.१० चहा. ११.०० अर्धं बिस्कीट. ११.२५ खोकला. एवढीच विद्या तिला येत होती. जे घडतं ते घडलं तेव्हा लिहून ठेवायचं.

गुरुवारी गल्लीत उकडलेल्या हॅमचा वास भरून राहिला. अंत्यविधीनंतरच्या चहाला इथे हॅमच लागतो. बाराच्या बारा घरांच्या मागच्या बाजूने वाफ येत होती.

"माझंच शिजवताहेत," आयव्ही म्हणाली. "माझा कोट दे."

"आई, पाय..."

"कोट दे म्हटलं ना."

तांबडा कोट, काठी, डोक्याला रुमाल. ती एकेका दारापाशी गेली. मॅरियन दोन पावलं मागे. रिमझिम पाऊस होता.

"हिल्डा, मी आयव्ही आहे. नाटकं पुरे कर आणि दार उघड."

पडद्यामागे टीव्हीचा आवाज मोठा झाला.

"जॅक केन्यन! तुझे लंगोट धुतलेत मी. तुझी आई गिरणीत जायची तेव्हा माझ्याच पलंगावर मुतायचास. बाहेर ये."

दार उघडलं. जॅक कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आला. आयव्हीने त्याच्या बाहीला धरलं. तो पिशवी टाकून वळला, बाही झटकली, पावसाचं पाणी झटकावं तशी, आणि तिच्या खांद्यावरून मॅरियनला म्हणाला, "थंडीत अशी एकटी फिरू नकोस, बाई. घरी जा."

आयव्ही बाराही दारांवर गेली. शेवटच्या दारावर तिने कोणाला शिवी दिली नाही. एवढंच म्हणाली, "नाव घ्या की रे माझं. काय बिघडणार आहे तुमचं?"

घरी आल्यावर तिचे ओठ निळे पडले होते. मॅरियनने तिला घोंगडीत गुंडाळलं, हात चोळले. हात थंड होते, हलके होते, पण होते.

"तू तरी म्हण," आई म्हणाली.

"आयव्ही. आयव्ही एन्टविसल."

"हां." तिने डोळे मिटले. "ऐकायला बरं वाटतं."

शुक्रवारी सकाळी सात वाजता मॅरियन वर जाऊन पलंगावर बसली आणि हिशोब मांडला. एका बाजूला ब्याऐंशी वर्षांपूर्वी... नाही, ऐंशी. तिने आकडा दुरुस्त केला. एका बाजूला ऐंशी वर्षांपूर्वीचा एक माणूस, ज्याचं कोणी उरलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला खाली खुर्चीत बसलेली बाई. एकतीस वर्षांत तिने दडपणाखाली एक ओळही मागे घेतली नव्हती. पण त्यातली एकही ओळ आईच्या जिवावर उठली नव्हती.

नऊ वाजून वीस मिनिटांनी तिने दार लावून घेऊन पुस्तक ईमेलने छापखान्याला पाठवलं आणि लगेच तिथे फोन केला.

"सेहेचाळिसावं पान काढा."

"त्या जागी काय टाकू?"

"अकरा नंबराचा फोटो. फळ्या ठोकलेला."

"खाली काही मजकूर?"

"नको."

खाली आली तेव्हा आईने विचारलं, "पाठवलंस?"

"पाठवलं."

"पानासकट?"

"पानासकट, आई."

आयव्ही हसली. मंगळवारनंतर प्रथमच.

अकरा चाळीसला पडदे उघडले.

दोन, चार, सहा, आठ. मॅरियन काचेला कपाळ टेकून मोजत होती. बाराही घरं. समोर हिल्डामावशी खिडकीत उभी होती. तिने हात हलवला.

मॅरियन वळून म्हणाली, "आई, बघ, उघडले."

"दिसतंय मला. आंधळी नाही झाले."

साडेबाराला दारावर हिल्डा आली. हातात झाकलेली बशी. हॅमचे काप, लोणचं, लोणी लावलेला पाव.

"तू सभागृहात आली नाहीस, म्हणून तुझा वाटा आणला," ती म्हणाली. "सगळं छान पार पडलं हो. जॅक दोन शब्द चांगले बोलला."

बशीत एका माणसाला पुरेल एवढं होतं.

मॅरियनचे हात पुढे झाले, आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, "आभारी आहे, मावशी."

त्यानंतरच्या नोंदी वहीत आहेत.

रविवार, अठरा नोव्हेंबर. सकाळी आठ पाचला ती चहा घेऊन पुढच्या खोलीत आली आणि खुर्ची रिकामी दिसली. ती स्वयंपाकघरात बघून आली, जिन्याखाली पाहिलं. मग खोलीतून आवाज आला, "थंड करून देणार आहेस का?" आधी घोंगडी दिसली, मग हात, मग आई. एक मिनिट.

बुधवार. चार मिनिटं.

शनिवार. अकरा. आवाज आधी आला, पण कुठून ते कळलं नाही.

पुढच्या मंगळवारी मॅरियनने छापखान्याला फोन करून पान परत घालायला सांगितलं. पुस्तकं बांधून झाली होती. आणि कोणतं पान, त्यांनी विचारलं. त्या जागी सुरुवातीपासून फोटोच होता.

गुरुवार. पंचवीस मिनिटं. नाव घेऊन हाक मारावी लागली. पहिल्या दोन हाकांना आडनाव आठवलं नाही, जे तिचं स्वतःचंच होतं.

सोमवार, तीन डिसेंबर. नोंदीत फक्त वेळ आहे, सव्वानऊ ते एक.

शेवटची नोंद गुरुवार, सहा डिसेंबरची. त्या दिवशी मॅरियन बाजारातून पिशव्या घेऊन आली. ओल्या बुटांसकट पुढच्या खोलीत गेली. पाय दुखत होते, म्हणून जवळच्या खुर्चीत, खिडकीपाशी, बसली आणि पाऊण तास तिथेच बसून राहिली. नोंद तिच्याच अक्षरात आहे, नीट, सरळ ओळीत.

'४.१०. खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. उशी गरम होती. कारण समजलं नाही.'