हाउसिंगमधलं भूस

परभणीत गाडीचं तेल निवडायच्या तीन पद्धती आहेत. एक, डब्याचा रंग. दोन, दुकानदार मेव्हण्याच्या ओळखीचा असणं. तीन, मोबाईलवर गॉगल लावलेला कुणीतरी सांगतो ते. डब्याच्या मागच्या बाजूला काय छापलंय ते वाचणारा माणूस मी गंगाखेड रोडवर अजून पाहिलेला नाही, मला स्वतःला सोडून.

मी महारुद्र. पुण्यात नऊ वर्षं शर्यतीच्या गाड्या खोलल्या आणि जोडल्या. वडील गेले म्हणून परत आलो आणि इथं गॅरेज टाकलं. लोक मला मिस्त्री म्हणतात, मी लोकांना काय म्हणतो ते मनातच ठेवतो.

परमेश्वर आला तो नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी. ताडकळसचा पोरगा, बापाचं खडीक्रशर, बोटांत तीन अंगठ्या. गाडी मात्र जातिवंत होती. हैदराबादहून आणलेली, जुनी, दोन दारांची, सगळी ताकद मागच्या चाकांवर. अशी गाडी असल्या माणसाच्या हाती लागावी याचं मला खरंच वाईट वाटलं.

"वळताना मागून करकर यायलीय, मिस्त्री. अन् रविवारी संभाजीनगरला शर्यत हाय."

"मागच्या हाउसिंगमध्ये तेल कुठलं घातलंय?"

"एकशेचाळीस नंबर. ट्रॅक्टरचं. दुकानदार म्हणला, जाड असतंय तेच भारी असतंय."

"आणि गिअरबॉक्समध्ये?"

"तेच. उरलं होतं की."

मी कपाळाला हात लावला नाही, कारण हाताला ग्रीस होतं. मागच्या दोन चाकांच्या मधे जो लोखंडी गोळा असतो त्याला आमच्याकडे हाउसिंग म्हणतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. तो फरक हा गोळा सांभाळतो. साध्या गाडीत नुसते दाते असतात. असल्या गाडीत दात्यांबरोबर पातळ चकत्यांची चळत असते आणि त्या चकत्यांना त्यांचंच तेल लागतं, त्यात घासण सांभाळणारं औषध मिसळलेलं असतं. गिअरबॉक्सचं तेल वेगळं, कारण हाउसिंगचं तेल त्यातल्या पितळी कड्या खातं. हे सगळं मी परमेश्वरला सांगितलं. तो मधेच फोन बघत होता.

"हे बघ," मी म्हणालो, "भर वेगात हाउसिंग जाम झाली तर मागची दोन्ही चाकं एकदम धरतील. मग तू कुठं जाऊन पडशील ते तुझ्या आईला लोकांकडून कळेल. शर्यत सोड."

"सोडत नसतो. तुमी हाव ना."

लाडीगोडी मला आवडत नाही. पण वरच्या गल्लीतले दोन मिस्त्री चहाच्या टपरीवरून कान देऊन होते आणि त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी बोलून गेलो, "माझ्या तेलावर हाउसिंग जळली तर गॅरेजची पाटी उतरवीन."

बुधवारी हाउसिंग उघडली. तेल काळं, वास करपलेला, ते अपेक्षितच होतं. चकत्या पुसून उजेडात धरल्या आणि एकेक फिरवून पाहिली. गाडी डावीकडे वळते तशी उजवीकडेही वळते, त्यामुळे चकत्यांवरच्या रेघा दोन्ही अंगांना मोडलेल्या असतात. इथं सगळ्या एकाच अंगाला मोडलेल्या होत्या. मागचं डावं टायर दोरे दिसेपर्यंत गेलेलं आणि उजव्याचे नवेपणाचे रबरी केस अजून शाबूत. ही गाडी फक्त उजवीकडे वळत आली होती, हजारो फेरे.

"घेतल्यापासून किती चालवली?" मी फोन करून विचारलं.

"तीनशे किलोमीटर असंल. त्यातले पाच-सहा फेरे खळ्यावर मारले. थांबा, रील धाडतो."

रील आलं. त्यांच्या शेतातलं जुनं खळं, मधोमध बाभळीचा तिवडा. ज्या खांबाला बांधून बैल मळणीला फिरवायचे तो खांब. पंधरा वर्षं त्या खळ्यावर ज्वारी पडलेली नव्हती, तिवडा तेवढा राहिला होता. गाडी त्याच्याभोवती धूळ उडवत उजवीकडे फिरते, मागे गाणं वाजतंय, आणि मधेच गचकन थांबते. मावळतीकडे तोंड करून.

"थांबलास का?"

"पेट्रोल सरलं," परमेश्वर हसत म्हणाला. "आई लय वरडली. म्हणली, फेरा पुरा कर, ढकलून का हुईना. ढकलून कोण पुरा करतंय?"

पाच-सहा फेऱ्यांनी चकत्या अशा होत नाहीत. हैदराबादच्या आधीच्या मालकानंच कुठंतरी गोल गोल फिरवली असणार, असं मी ठरवून टाकलं. नव्या चकत्या बसवल्या, टायर बदललं. हाउसिंगमध्ये पंच्याहत्तर-नव्वद नंबरचं तेल औषधासकट मापून घातलं, गिअरबॉक्समध्ये त्याचं पातळ तेल. पंधरा किलोमीटर फिरवून आणली, आवाज बंद. मग मागची बाजू लोखंडी घोड्यांवर उचलून ठेवली, दोन्ही चाकांवर वरच्या बाजूला खडूची खूण केली, हाउसिंगच्या बोल्टवरून लाल रंगाची रेघ ओढली. या माझ्या पुण्याच्या सवयी. शटरला कुलूप लावलं. किल्ली करगोट्याला असते.

गुरुवारी सकाळी सात वाजता शटर उघडलं तेव्हा आत भुशाचा वास होता. कणसं झोडल्यावर नाकात बसतो तसला, कोरडा.

उजव्या चाकावरची खडूची खूण जिथल्या तिथं होती. डाव्या चाकावर खूण नव्हती. पुसलेलीही नव्हती, तिथं खडू कधी लागलाच नव्हता असं रबर.

मी खाली सरपटत गेलो आणि हाउसिंगला हात लावला. कोमट होती. नोव्हेंबरातली सकाळ, रात्रभर बंद गॅरेज, चाकं जमिनीपासून वीतभर वर.

बोल्टवरची लाल रेघ अखंड होती. ती मीच पान्यानं तोडली आणि तेल खालच्या तसराळ्यात सोडलं. काळं आलं. बोटात चोळून बघितलं तर त्यात काहीतरी टोचत होतं. चाळणीतून गाळलं. ज्वारीचं भूस, चिमूटभर.

माझा पहिला संशय वरच्या गल्लीतल्या त्या दोघांवर गेला. दोन गाढवं. पण कुलूप न तोडता आत यायचं आणि रेघ न मोडता बोल्ट खोलायचा, एवढं हातात असतं तर ते मोटरसायकलींचे पंक्चर काढत बसले नसते.

तेल पुन्हा भरलं. नव्या चकत्यांना तेल मुरवायला गाडी सावकाश इंग्रजी आठाच्या आकड्यात चालवावी लागते, एक फेरा उजवा, एक डावा. शहरात मोकळ्या मैदानावर गाडी घातली की माणसं गोळा होतात. परमेश्वर म्हणाला, आमचं खळं मोकळंच हाय. मलाही ते खळं एकदा बघायचं होतं. भूस तिथलंच निघालं तर कोण माझी थट्टा करतंय ते कळलं असतं.

शुक्रवारी दुपारी गाडी घेऊन ताडकळसला पोचलो. खळ्याच्या कडेला परमेश्वरची आई धुरपताबाई उभी होती. पदर खोचलेला, हातात विळा, हरभऱ्याच्या शेतातून थेट आलेली. तिनं माझ्याकडे नाही, गाडीकडे बघितलं.

"मिस्त्री, एक काम करा. तेवढा अर्धा फेरा पुरा करा. उगवतीला तोंड आलं की थांबवा अन् मग खाली उतरा."

"त्यानं काय होईल?"

"तिवड्याला धरलेली बैलांची पात मधीच सोडत न्हाईत. आमचा सासरा म्हणायचा, मधी सोडलेला बैल दावणीला बांधला तरी रातभर फिरतो. मागं एक बैल तसाच गेला. खूर झिजून झिजून."

"ही गाडी आहे, बाई. बैल नाही."

"मला दिसतंय की."

परमेश्वर मान खाली घालून अंगठी फिरवत होता. त्याला आईची लाज वाटत होती आणि भीतीही. मला मात्र मनापासून हसू आलं. एका बाजूला मापून घातलेलं तेल, एका बाजूला सासऱ्याचा बैल. मी गाडीत बसलो. एक फेरा तिवड्याभोवती, एक मोकळ्या बाजूला, असे सात आकडे पुरे केले. गाडी लोण्यासारखी वळत होती. शेवटच्या, आठव्या आकड्यात, तिवड्याचा फेरा अर्धा झालेला असताना, मी ब्रेक दाबला. समोर मावळतीचं ऊन होतं. मी मुद्दाम थांबलो. दार उघडून खाली उतरलो आणि तिच्याकडे बघितलं.

"झालं काम," मी म्हणालो.

धुरपताबाईनं विळा खाली ठेवला. माझ्या पायांकडे बघत राहिली.

तिथून परमेश्वर गाडी सरळ रस्त्यावर घेऊन गेला. मी ताडकळसहून बसनं परत आलो.

रविवारी शर्यतीत परमेश्वरचा दुसरा नंबर आला. संध्याकाळी गाडी गॅरेजवर आणून त्यानं मला पेढे दिले. मी आधी हाउसिंगचं तेल काढून बघितलं. मधासारखं स्वच्छ. चकत्यांवर दोन्ही अंगांच्या रेघा. पाटी जागेवर राहिली. वरच्या गल्लीतल्या त्या दोघांना मी हाक मारून तेल दाखवलं, मान धरून वासही घ्यायला लावला.

हे सगळं मी सांगितलंच नसतं. पण गेल्या महिन्यात बबिता म्हणाली, "अहो, तुमचा डावाच बूट कसा काय झिजायलाय?"

बबिता माझी बायको. बूट गॅरेजचे, जाड रबरी तळाचे, दिवाळीतच घेतलेले. मी हसण्यावारी नेलं आणि मग कॅलिपर लावून मोजलं. उजव्या टाचेखाली चौदा मिलिमीटर. डाव्या टाचेखाली नऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी डावी साडेआठ भरली. उजवी चौदाच.

दाराची कडी आतून लावलेली असते. बबिताची झोप सावध आहे. मी उठत नाही असं ती शपथेवर सांगते. एवढंच म्हणते की झोपताना माझं तोंड भिंतीकडे असतं आणि सकाळी तोंड खिडकीकडे. आमची खिडकी मावळतीला आहे.

त्याच दिवशी परमेश्वरचा फोन आला. आवाज दबका होता.

"मिस्त्री, आई म्हणायलीय, एकदा येऊन जा. रोज सकाळी खळ्यावर पावलं दिसायलेत. तिवड्याभोवती. डावं पाऊल खोल रुतलेलं."

"कुणीतरी चोर असेल. कुत्रं पाळ."

"कुत्रं हाय. भुंकत न्हाई. अन् मिस्त्री, पावलं अर्ध्यावरच थांबतेत."

मी फोन ठेवला. ताडकळसला बस दर तासाला आहे. अर्धा फेरा मारायला अर्धं मिनिट लागतं. पण तिथं ती बाई विळा घेऊन उभी असणार, आणि मी तिच्या देखत तिवड्याभोवती चालणार, उगवतीला तोंड करून थांबणार. परमेश्वर त्याचं रील करणार. वरच्या गल्लीतले ते दोघे ते बघणार. मला राग आला, त्या सगळ्यांचा, आणि सर्वांत जास्त त्या लाकडाच्या खुंटाचा.

त्या दिवसापासून मी बूट कपाटात ठेवतो. कपाटाला कुलूप लावतो, किल्ली करगोट्याला.

बूट आता झिजत नाहीत. आठवडाभर रोज मोजतोय, डावी टाच साडेआठची साडेआठच.

आज सकाळी बबितानं माझ्या डाव्या टाचेला हळद लावली. उजवीला काहीच झालेलं नव्हतं. हळद लावायच्या आधी तिनं सुईनं भेगेतून काहीतरी काढलं आणि पदराला पुसून टाकायला गेली. मी तिचा हात धरला आणि बघितलं. ज्वारीचं भूस होतं, अजून कोरडं.