सुखरूप परतले

‘सुखरूप’ या शब्दावर कुणी शोधनिबंध लिहितं का, असं कॉलेजात सगळ्यांचं विचारून झालं होतं. रोजच्या शब्दाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, याचाच मला राग येतो. म्हणून मस्तगडला, एका जुन्या दैनिकाच्या माडीवर, दुपारी दोन ते पाच मी बांधीव फायली चाळायचे. शब्द सापडला की तारीख, गाव आणि अख्खं वाक्य वहीत उतरवायचं. फायली काढून द्यायला तातेराव होते. पंचाहत्तरीचे, तिथलेच निवृत्त मुद्रितशोधक.

त्या आठवड्यात मी आनंदाने वेडी झाले होते. माझा धाकटा भाऊ राजानंद पिंपळगाव रेणुकाईला आईजवळ राहतो. पुलावरून पाणी जात असताना त्याने मोटारसायकल घातली आणि वाहून गेला. गाडी सापडली, तो नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे स्वतःच्या पायांनी दारात उभा! बातमी मीच लिहून दिली, आणि आजच्या अंकात ती छापून आली होती. ‘सुखरूप परतला’ हे शब्दही माझेच.

तोवर वहीत बत्तीस नोंदी झाल्या होत्या. बहुतेक साध्याच, सहली आणि यात्रांच्या. हरवलेला माणूस सापडला की मथळा हमखास ‘देव तारी त्याला कोण मारी’. त्यातलीच एक १९७४ची, जांब समर्थची. पुरात वाहून गेलेले मच्छिंद्र सुखरूप परतले. पुढे पाच दिवसांनी त्याच मच्छिंद्र यांचं प्रेत नदीपात्रात सापडलं होतं. डॉक्टरांच्या मते मृत्यू आठ दिवसांपूर्वीचा.

मला हसू आलं. तेव्हा गावोगावचे वार्ताहर बातमीचं पाकीट एस.टी.च्या कंडक्टरजवळ द्यायचे. पाकिटं मागेपुढे व्हायची, शिळी बातमी ताजी म्हणून लागायची.

मग १९७९ची उषाबाई सापडली, १९८६चा अंगद सापडला. आधी घरी परतल्याची बातमी, मग प्रेत, आणि मृत्यू परतण्याच्या आधीचा. तिन्ही वेळा पाकीट कसं चुकेल? शिवाय १९८६ नंतर वर्षानुवर्षं तो शब्दच नव्हता. माणसं नुसती ‘परतली’ होती.

“तातेराव, हा शब्द कोण काढायचं?”

“म्या. प्रुफातच कापत आल्तो.”

“का?”

त्यांनी चष्मा काढला. “जांबला मी सोता गेल्तो, मॅडम. चूक कुनाची ते बघाया. मच्छिंद्रची बायको म्हन्ली, पाच दिवस जेवला माझ्या हातचं. मंग प्रेत दाखवाया पोलिसांनी तिला न्हेलं. तिनं वळखलं. घरी आली, तर हा न्हाई, बाज मोकळी.”

खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं.

“शब्द कापून काही फरक पडला?”

“काय म्हाईत. माझ्या हातून ते छापून जाऊ नये, एवढंच.” त्यांनी आजच्या अंकावर हात ठेवला. “सकाळी तुमचं वाचलं. तव्हापासून सांगू का नको, हेच करून राह्यलो.”

मी जिन्यात जाऊन आईला फोन लावला.

“राजू कुठंय?”

“हितंच. जेवून राह्यला. तिसरी भाकर चालू हाय.”

“बोलतो का?”

“लई न्हाई. येईल हळूहळू बोलाया.”

तेवढ्यात कानाशी टुकटुक सुरू झाली. दुसरा फोन येत होता. पडद्यावर पोलीस ठाण्याचा नंबर. शोधाच्या दिवसांत मीच तो साठवला होता.

“आई, राजूला दे.”

फोन या हातातून त्या हातात गेला.

“ताई,” तो म्हणाला. आवाज त्याचाच होता. “तो दुसरा फोन नको उचलू.”

मला भीती वाटली. पण त्याहून जास्त, राजू मला हवा होता.

मी उचलला नाही.

टुकटुक बराच वेळ चालली. मग थांबली.

“बरं झालं,” पलीकडून राजू म्हणाला. “जेवतो मी आता.”