आधी सांगायचं असतं

“आधी कुणी सांगितलं असतं ना, तर दोन वर्षं आणखी रेटली असती गं…”

आत्याचा तो आवाज तिच्या कानातून कधी गेलाच नाही. इस्पितळात आया होती आत्या. निवृत्त झाली आणि पेन्शन एकाएकी निम्म्यावर आली. पेन्शनचा निधी आटणार हे ज्यांना ठाऊक होतं, ते गप्प बसले होते. शाळकरी भाचीने तेव्हाच खूणगाठ बांधली – आपण गप्प बसायचं नाही.

मोठी होऊन ती ॲक्चुअरी झाली. माणसं किती जगतील याचा अंदाज बांधायचा, आणि त्यांच्या म्हातारपणाला निधी पुरेल की नाही हे सरकारला सांगायचं. आता पेन्शन समितीसाठी तिने लिहिलेल्या अहवालातलं एक वाक्य सचिवांच्या घशाखाली उतरत नव्हतं : आजच वर्गणी थोडी वाढवली नाही, तर आजच्या तरुणांच्या म्हातारपणी निधी कोरडा पडेल.

एक दिवस कचेरीची लिफ्ट बंद होती, बाहेर झड लागलेली. जिन्यात तिच्या छत्रीचं पाणी खालून येणाऱ्या कुणाच्या तरी चष्म्यावर ठिबकलं.

“माफ करा हं–”

“असू द्या. सकाळपासून एका बाईंचं गणित तपासतोय, डोळे धुवायचेच होते. फार लवकर मारतात हो त्या माणसांना.”

“त्या बाई मीच.”

चष्मा पुसणारा हात थांबला. “मग… जरा जगू द्या की बिचाऱ्यांना.”

“तुमच्या हिशोबात कुणी मरतच नसेल.”

दुसऱ्या ॲक्चुअरीने तपासल्याशिवाय अहवाल पुढे जात नसे. तो तिचा तपासनीस. मग रोजचं भांडण सुरू झालं – टेबलाच्या दोन बाजूंनी, निवत चाललेल्या चहावरून. वाफ धरलेल्या काचेवर तो बोटाने वयागणिक माणसं घटत जाण्याची उतरती रेघ काढायचा, ती तिथेच खोडायची. एकदा तो बरोबर निघाला. तिने माणसांना आणखी जगू दिलं, म्हणजे निधी आणखी लवकर आटणार, आणि ते वाक्य जास्तच कडक झालं. जिन्यात पाऊल वाजलं की आताशा तिचं लिहिणं अडायचं… पण हे तिने कुणाला सांगितलं नाही.

समितीच्या बैठकीच्या आदल्या आठवड्यात निरोप आला : तपासनिसाने काम सोडलं. सचिवांना भ्याला, दुसरं काय. तिच्या जिवाची आग आग झाली. त्याच्या जागी आलेल्या बुजुर्ग बाईंनी सगळं नव्याने तपासलं. उत्तर तेच.

“वाक्य तेवढं मऊ करा,” बैठकीत सचिव म्हणाले. “लोक घाबरतील.”

“घाबरू द्या, साहेब. आज घाबरले तर सावरायला वेळ मिळेल. वाक्य निघालं तर माझी सहीही निघेल.”

सचिवांनी बुजुर्ग बाईंकडे पाहिलं. बाईंनी आकडे बरोबर आहेत अशी नुसती मान डोलावली. वाक्य राहिलं.

ती जिना उतरली, तर खाली तो. केस भिजलेले, छत्री नाही.

“पळालात ना?”

“नाही. तपासणारा तटस्थ असावा लागतो. मी… राहिलो नव्हतो.”

“कुणाच्या बाजूला गेलात?”

“तुमच्या. आकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघायला लागलो. सचिवांच्या कानावर गेलं असतं, तर तुमचं वाक्य बुडालं असतं.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“बैठकीआधी तुमचं मन विस्कटायचं नव्हतं.”

तिने छत्री उघडली, थोडी त्याच्याकडे कलती केली. वर सचिवांसमोर न कापलेला आवाज इथे मात्र कापला.

“सगळ्यांना आधी सांगा म्हणून बजावत फिरते मी… आणि हे मीच दडवलं. पहिल्या दिवशी याच जिन्यात तुम्ही मला आवडलात.”