मागच्या खोलीतलं ऊन

पहिल्यांदा घर घेणारे बहुतेक लोक घर संध्याकाळी बघतात. ऑफिस सुटल्यावर वेळ मिळतो, एजंटने आधीच जाऊन सगळे दिवे लावून ठेवलेले असतात, आणि दिव्यांच्या उजेडात कुठलीही खोली बरी दिसते. माझ्या नवऱ्याने फ्लॅट असाच बघितला. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. माझी सुट्टी मंगळवारी असते. त्यामुळे मी दोन्ही जागा भर दुपारी बघितल्या. पुढचं सगळं या एवढ्याशा फरकातून झालं.

दोन्ही जागा शेजारीशेजारी होत्या, मध्ये फक्त कुंपणाची भिंत. एकीकडे सात मजली इमारत, तिच्या चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. इमारतीच्या पाठीमागे उतरत्या छपराचं बैठं घर. किमती जवळजवळ सारख्या. घराबरोबर जमीन मिळणार होती. पण इमारतीने त्याची दक्षिण बाजू पुरती झाकून टाकली होती, आणि अंधाऱ्या घराला गिऱ्हाईक नसतं. म्हणून तर ते आमच्या आवाक्यात आलं.

नवरा फ्लॅटच्या बाजूने होता. लिफ्ट, वॉचमन, गाडीला जागा, पाण्याची मोटर बिघडली तर धावपळ दुसऱ्या कुणाची तरी. मी घराच्या बाजूने. भिंतीला खिळा ठोकायला कुणाची परवानगी नको, डोक्यावर कुणाच्या खुर्च्या सरकायला नकोत, पायाखालची जमीन आपली. तो म्हणाला, छप्पर गळलं तर कोण बघणार? मी म्हटलं, आपण. तो म्हणाला, तेच म्हणतोय, आपण म्हणजे मी.

हे वाद आम्ही हळू आवाजात घालायचो, कारण आम्ही दादांच्या, म्हणजे त्याच्या मोठ्या भावाच्या घरी राहत होतो. आमच्या खोलीला खिडकी नव्हती. पूर्वी ती सामानाची खोली होती, आणि वहिनी पाहुण्यांना आमची ओळख "हे आमच्याकडे असतात" अशी करून द्यायच्या. ते मी मनावर घेतलं नव्हतं. पण माझे बाबा ऑपरेशननंतर चार दिवस राहायला आले, तेव्हा वहिनींनी त्यांचं अंथरूण जिन्याखाली, चपलांच्या रॅकशेजारी घातलं. म्हणाल्या, "त्यांना रात्री उठायला तेवढंच बरं पडेल." दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत बाबा अंथरुणाची घडी करून निघून गेले होते. परत कधी आले नाहीत. वर्षभरात वारले.

आता वहिनींनी सांगून टाकलं होतं की मुलीची परीक्षा झाली की तिला पुढच्या अभ्यासाला आमची खोली लागेल. आमच्याकडे पैसे एकाच जागेपुरते होते. चुकलो असतो तर दुसरी संधी नव्हती.

घर दाखवायला मालकिणीची भाची आली. मालकीण, तिची मावशी, शिवणकाम करायची. दोन वर्षांपूर्वी वारली होती. पुढच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर भाचीने उत्साहाने दाखवलं. मागच्या खोलीच्या दाराशी ती थांबली. म्हणाली, "तुम्ही बघून या. मी इथे आहे."

खोली लांबट होती. मशीनच्या तेलाचा वास अजून होता. खिडकीपाशी फरशी खुर्चीच्या पायांनी झिजली होती. खिडकीला उभे गज, आणि पलीकडे आकाश नव्हतंच. इमारतीची पाठ होती: सांडपाण्याचे पाइप, एसीची खोकी, स्वयंपाकघरांच्या खिडक्या.

आणि तरी जमिनीवर ऊन पडलं होतं.

माणूस झोपेल एवढा लांब पट्टा. मी चप्पल काढून त्यात पाय ठेवला. फरशी गरम होती. हात धरला तर सावली खोलीच्या आतल्या बाजूला पडली. म्हणजे ऊन समोरूनच येत होतं, इमारतीच्या बाजूने. काचेवरून उलटलेलं ऊन मला ओळखू येतं. ते फिकं असतं, त्याच्या कडा विरघळलेल्या असतात. या पट्ट्याच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या होत्या.

गजांच्या सावल्यांमध्ये आणखी एक सावली होती. खुर्चीत बसलेला माणूस, कपाळाला हात लावलेला. मी खिडकीकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं. लांबच्या वस्तूची सावली पसरट येते. ही अगदी रेखीव होती. मी बघत असताना तिने हात खाली घेतला, शेजारी काहीतरी चाचपलं आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

मी बाहेर आले. भाचीने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मी न विचारताच बोलायला लागली. बिल्डरने मावशीकडे जागा मागितली होती. तिने दिली नाही. मग त्याने कुंपणाला खेटून इमारत उभी केली, मंजुरीपेक्षा दोन मजले जास्त. मावशी कचेरीत खेटे घालून दमली. तिथला साहेब म्हणाला, बाई, दिवा लावा ना. काळ्या कापडावर काळा धागा दिव्याखाली दिसत नाही, हे तिने त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला. शिवणी वाकड्या जायला लागल्या, गिऱ्हाईकं तुटली, आणि डोळे गेले तरी ती रोज दुपारी त्याच खिडकीशी बसायची. एकदा बिल्डरने भिंतीवरून विचारलं, काय मावशी, अजून विकायचं नाही?

"ती त्याला म्हणाली, माझं ऊन तुमच्याकडे राहिलंय. सवडीने परत घेईन," भाची म्हणाली. "तो हे सगळ्यांना हसून सांगायचा. ती गेली, आणि महिन्याभरात यायला लागलं."

काय ते तिने सांगितलं नाही. कुलूप लावताना तिने दार दोनदा ओढून बघितलं.

तिथूनच मी फ्लॅट बघायला गेले. तो बिल्डरने स्वतःसाठी ठेवलेला होता आणि दार त्यानेच उघडलं. भर दुपारी घरातले सगळे दिवे चालू होते. दिव्यांच्या काचा तेवढ्या चमकत होत्या; त्यांचा उजेड भिंतीपर्यंत पोचत नव्हता. समोरची बाल्कनी दक्षिणेला, उन्हाने भरलेली. कठड्याला हात लावला तर चटका बसला. ते ऊन बाल्कनीच्या उंबऱ्यापर्यंत येत होतं आणि तिथे संपत होतं. पडदा नव्हता. काच उघडी होती.

बिल्डर भिंतीला धरून खुर्चीपर्यंत गेला, बसला आणि त्याने कपाळाला हात लावला. मग शेजारच्या टेबलावर चाचपून चष्मा घातला. ही हालचाल मी तासाभरापूर्वी जमिनीवर बघितली होती.

मी काय काम करते हे कळल्यावर तो दुसऱ्याच दिवशी दुकानात आला. मी त्याचे डोळे दोनदा तपासले. त्याने अगदी खालची ओळ न अडखळता वाचली.

"इथे दिसतं हो," तो म्हणाला. "घरी दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, मनाचे खेळ."

मी म्हटलं, नंबर बदललेला नाही, जागा बदलून बघा. तो म्हणाला, तेच तर करतोय.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, तुला घरच घ्यायचंय म्हणून फ्लॅटमध्ये अंधार दिसला. मी संध्याकाळी बघितलाय, लग्नाचा हॉल असावा तसा लखलखत होता. पण त्याच्या आवाजात पूर्वीची खात्री नव्हती. रविवारी दुपारी दोघांनी मिळून जायचं ठरलं.

रविवार उजाडायच्या आत फ्लॅट गेला. नवऱ्याने भाबडेपणाने जेवताना दादांपुढे त्याचं कौतुक केलं होतं. शनिवारी रात्री दादांनी ताटावरच सांगितलं की त्यांनी आणि वहिनींनी कालच संध्याकाळी जाऊन टोकन दिलं. हे घर विकणार, तिकडे जाणार.

नवऱ्याच्या हातातला घास हातातच राहिला. लहानपणापासून दादांपुढे तो बोललेलाच नाही.

वहिनी म्हणाल्या, "तुम्हा दोघांना कशाला हवा एवढा मोठा फ्लॅट? ते मागचं बैठं घर आहे ना, घ्या की. तुम्हाला तशीही अंधाराची सवय आहे."

आणि हसल्या. दादाही हसले.

मला तेव्हा सांगता आलं असतं. दुपारी एकदा बघून या, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"मी बघितलाय तो फ्लॅट," मी म्हटलं. "बाल्कनीत ऊन भरपूर येतं."

घर आम्ही घेतलं. छप्पर एकदा गळलं. नवऱ्याने स्वतः चढून कौलं बदलली आणि आठवडाभर छाती पुढे काढून फिरला. मागच्या खोलीत मात्र तो जात नसे. म्हणायचा, तिथे गेलं की कुणाची तरी वाट अडवून उभं राहिल्यासारखं वाटतं. मला तसं कधी वाटलं नाही. मंगळवारी मी तिथेच जेवायचे, उन्हाला पाठ देऊन. बाबांचं अंथरूण या पट्ट्यात बरोबर मावलं असतं, असं दर वेळी मनात यायचं.

बिल्डरची सावली गेली. काही दिवस नुसते गज दिसत होते. मग दादा-वहिनी राहायला आले, आणि एका मंगळवारी जमिनीवर कमरेवर हात ठेवून उभी असलेली बाई दिसली. तिला मी कुठेही ओळखलं असतं.

सुरुवातीला ती भराभर फिरायची. पुढे हळू. नंतर एक हात पुढे धरून.

वहिनींचे फोन यायला लागले. तुमच्याकडे लाईट नीट आहे का गं? आहे, मी सांगायचे. त्यांनी दिवे बदलले, वायरिंग नवं केलं. दादा दिवसभर कामावर आणि मुलगी कॉलेजात. दोघं रात्री यायचे आणि म्हणायचे, आम्हाला तर दिसतंय. एकदा वहिनी दुकानात आल्या. मी डोळे तपासले. खालची ओळ त्यांनी घडाघडा वाचली.

"वय झालं तुमचं," मी म्हटलं.

त्या दिवशी त्या मला पहिल्यांदाच म्हाताऱ्या दिसल्या. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

पट्टा रुंद होत गेला. आता तो खुर्चीच्या झिजल्या जागेपाशी पोचला होता. फरशी ऊन सरल्यावरही कोमट राहायची, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी.

गेल्या गुरुवारी मी दुकानात होते. दुपारची वेळ, समोर एक पेशंट. नवरा ऑफिसात. घराला कुलूप मी स्वतः लावलं होतं आणि किल्ली माझ्या कोटाच्या खिशात होती.

फोन वाजला.

"अगं, तू घरी आहेस ना?" वहिनींचा आवाज बारीक झाला होता.

"का हो?"

"मला काहीच दिसत नाहीये आज. सगळं काळं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी आहे. खाली तुझी मागची खिडकी तेवढी दिसतेय. अगदी लख्ख." त्या थांबल्या. "खुर्चीत बसलीयेस ती तूच ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"पाठमोरी होतीस. आता वळलीस. हात करतेयस." श्वास ऐकू आला. "बोल ना. तूच आहेस ना गं?"

दादांच्या घरात इतकी वर्षं काढली, पण वहिनींनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

खिशातली किल्ली मी मुठीत धरली.

"हो, मीच," मी म्हटलं. "या ना खाली."

"मला भीती वाटतेय. दार उघडं आहे?"

"तुमच्यासाठी उघडंच आहे."

त्यांनी फोन बंद केला नाही. लिफ्टचं दार सरकलं. मग भिंतीवरून हात घासत चालल्याचा आवाज, बराच वेळ. फाटक. पायरी.

कडी निघाली.

"अगं बाई," वहिनी कुणाला तरी म्हणाल्या, अगदी जवळून बोलावं तशा, "केवढं ऊन आहे तुझ्याकडे."

दार लागल्याचा आवाज आला.

मी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि पेशंटला खालची ओळ वाचायला सांगितली.